बरणीला बेडी, टाकीला सवलत



द्राक्षाचा भाव पडला की एक सल्ला हमखास येतो, "वाइनला घाला की!" जांभूळ पावसात तडकलं, चिकू फार पिकला, तरी तोच सल्ला. देणाऱ्याला वाटतं, फळ चिरडलं नि बाटलीत भरलं की झाली वाइन. पण फळ आणि बाटली यांच्या मधे एक भांडं असतं. सगळं तिथंच घडतं आणि तिथंच अडतं. आजची नोंद त्या भांड्यावर आहे. जरा लांब आहे, आणि काहींना टोचेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वाइन कोणत्या भांड्यात करायची, हा शेतमाल प्रक्रियेचा प्रश्न आहे. आपल्याकडं कायद्यानं तो फौजदारी केला आणि उद्योगानं तो भांडवलाचा केला. वीस लिटरच्या बरणीवाला गुन्हेगार, वीस हजार लिटरच्या टाकीवाला उद्योजक. मधे दोनशे-पाचशे लिटर करू बघणाऱ्या शेतकऱ्याला जागाच नाही. ही रचना बदलली पाहिजे. पण ती बदला म्हणायचं तर आधी आपली भांडीही घासून घ्यावी लागतील, कारण आपल्या बाजूलाही गलथानपणा कमी नाही. दोन्हीकडचं बोलतो.

मरोळची बरणी

उदाहरण मुद्दाम नाशिकचं घेत नाही, मुंबई उपनगराचं घेतो. अंधेरीजवळचं मरोळ, चकाला, आंबोली, बोरिवलीचं एक्सर, खाडीपलीकडचं गोराई आणि मनोरी. आज ही नावं घेतली की लोकांना मेट्रो, टॉवर नि रिसॉर्ट आठवतात. पण ही मुळात भातशेतीची, मिठागरांची आणि ताडाच्या झाडांची गावं. इथले ईस्ट इंडियन म्हणजे साष्टीचे मराठी बोलणारे ख्रिस्ती शेतकरी. व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, १८८७ मध्ये, त्यांनी हे नाव घेतलं, बाहेरून मुंबईत आलेल्या इतर ख्रिस्ती लोकांपासून वेगळं ओळखता यावं म्हणून. ऑक्टोबरात ते आजही आगेरा करतात, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात. आपल्या नव्याच्या सणासारखंच.

त्यांची शेतं गेली. १९४९ मध्ये आरे दूध वसाहत आली, पुढं मरोळची एमआयडीसी आली, १९७३ मध्ये सीप्झ आलं. भात गेला, खळं गेलं, नांगर गेला. घरात एक शेतीचं भांडं तेवढं टिकलं, ते म्हणजे चिनी मातीची बरणी. आपल्या घरी लोणच्याला असते तीच, वर तपकिरी नि खाली पांढरट. कुणी काळी द्राक्षं स्वस्त झाली की भरतात, कुणी दिवाळीच्या आसपास मनुके भिजवून भरतात, कुणी जूनमध्ये जांभूळ घालतात. साखर, यीस्ट, मूठभर गहू, उकळून गार केलेलं पाणी. रोज एकदा लाकडी डावानं ढवळायचं. तीन आठवड्यांनी मलमलीतून गाळायचं, मग निवळू द्यायचं. नाताळात पाहुणा आला की छोट्या पेल्यात द्यायची. एवढाच तो कारभार.

आता या बरणीकडं भावनेनं न बघता कृषी अधिकाऱ्याच्या नजरेनं बघा.

फळांच्या वाइनचा सामू साधारण ३ ते ४ असतो. इतक्या आंबट पाण्यात लोखंड गंजतं, ॲल्युमिनियमला खड्डे पडतात, जस्ताचा मुलामा विरघळतो, तांबं-पितळ उतरतं. चांगला झिलईदार बरणीला काही होत नाही. तोंड रुंद असतं, म्हणून वर तरंगणारा सालींचा थर रोज खाली दाबता येतो. तो थर कोरडा पडला तर त्यावर बुरशी येते आणि व्हिनेगर करणारे जिवाणू बसतात. वायनरीत याच कामाला पंचडाउन म्हणतात, पगारी माणूस ठेवतात किंवा पंप लावतात. आजी ते डावानं करते.

तिसरी गोष्ट उष्णतेची. आंबताना द्रावण तापतं. दहा हजार लिटरच्या टाकीत ती उष्णता बाहेर पडू शकत नाही, म्हणून टाकीला थंड पाण्याचं जाकीट लागतं, चिलर लागतो, चिलरला वीज लागते. वीस लिटरच्या बरणीची उष्णता तिच्या अंगावाटेच निघून जाते. ओलं गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवली तर आणखी बरं. म्हणजे ज्या यंत्रावर वायनरीचा मोठा खर्च होतो, त्याची गरजच लहान भांड्याला फारशी नाही. शेतकऱ्यासाठी या नोंदीतला सगळ्यात महत्त्वाचा हिशोब हाच.

बरणीचे दोषही सांगतो. जुन्या, स्वस्त किंवा तडे गेलेल्या झिलईतून शिसं उतरू शकतं. आंबट पदार्थ महिनोन्‌महिने राहिला तर जास्तच. झाकण सैल असतं. फेस उठत असतो तोवर ते चालतं, कारण आतून वायू बाहेर ढकलत असतो. फेस थांबल्यावर तेच सैल झाकण हवा आत घेतं आणि वाइनचं व्हिनेगर होतं. म्हणून आंबवण बरणीत आणि साठवण काचेत, तीही काठोकाठ भरून. एवढं पाळलं तर बरणी कमअस्सल ठरत नाही.

भांडं बाळगणं हाच गुन्हा

आता कायदा बघू. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९, ज्याच्या नावात आता महाराष्ट्र आलंय. त्याच्या कलम १३ मध्ये परवान्याशिवाय दारू पिण्यालाच बंदी आहे असं नाही. दारू तयार करण्याचं साहित्य, भट्टी, भांडी, अवजारं किंवा कोणतंही उपकरण वापरायला आणि जवळ ठेवायलाही मनाई आहे. हातभट्टीवाल्यांना आवरायला हे कलम आलं, हे मान्य. भट्टी आणि लोणच्याची बरणी यात फरक मात्र त्यानं केला नाही. ऊर्ध्वपातन करून कडक दारू काढणं वेगळं, फळ नुसतं आंबवणं वेगळं. कायद्याच्या भाषेत दोन्ही भांडी एकाच ओळीत बसतात.

गंमत अशी की याच सरकारला भांड्यावरून फरक करता येतो. गोराई-मनोरीच्या ताडाच्या झाडावर बघा. एकाच झाडाचा एकच रस. मडक्याला आतून चुना लावला की रस आंबत नाही, ती नीरा. चुना नसला की दुपारपर्यंत ताडी. नीरा उपनगरी स्टेशनांजवळच्या केंद्रांवर उघड विकली गेली, सरकारनंच तिला प्रोत्साहन दिलं. तिथं झाड बघितलं नाही, माणूस बघितला नाही, मडक्यात काय घडतं ते बघून नियम केला. मग फळांच्या वाइनला हीच अक्कल का लागू होत नाही?

दुसरा दाखला अंधेरीचाच. तिथल्या मायक्रोब्रुअरीत काचेच्या भिंतीमागं चकचकीत टाक्या उभ्या असतात, दिवे सोडलेले असतात, लोक टाकीशेजारी बसून फोटो काढतात. तिला परवाना आहे, असायलाही हवा. माझी तक्रार तिच्यावर नाही. पण शहरात, हॉटेलात, लोकांच्या गर्दीत मद्य तयार करायला सरकार सुरक्षिततेचे नियम लिहू शकतं, तर गावठाणातल्या घराला किंवा पालघरच्या वाडीला लहान प्रमाणाचे नियम लिहिता येत नाहीत, हे मला पटत नाही. लिहायचंच नाही, हे खरं कारण.

आणि कुणी "हे जगात कुठं चालतं?" म्हणत असेल तर ऐका. अमेरिकेत केंद्रीय कायद्यानं घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० लिटर वाइन स्वतःसाठी करता येते. विकता येत नाही. जॉर्जिया देशात अंड्याच्या आकाराचे मातीचे रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरतात, आतून मधमाशीचं मेण लावतात आणि त्यात वाइन करतात. ती पद्धत २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. लांब कशाला, शेजारच्या गोव्यात काजूच्या भट्ट्या परवाना घेऊन उघड चालतात. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेय म्हणून जाहीर केलं. आपल्या गावठाणातली बरणी मात्र पलंगाखाली.

टाकीवाल्यांचं कसं चाललंय

याचा अर्थ सरकारला वाइनच नको होती असं नाही. २००१ मध्ये महाराष्ट्रानं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. नाशिकजवळ विंचूरला आणि सांगलीकडं पलूसला वाइन पार्क झाले. वाइनवर २० टक्के व्हॅट आहे, आणि प्रोत्साहन योजनेत त्यातला १६ टक्के वायनरीला परत मिळतो. ही सवलत वाईट नाही. पण ती मिळवायला आधी वायनरी हवी. म्हणजे इमारत, क्रशर-डिस्टेमर, प्रेस, पंप, जाकीटवाल्या ३०४ किंवा ३१६ ग्रेडच्या टाक्या, चिलर, फिल्टर, बाटली भरायची लाइन. आपल्यातल्या किती जणांना ते परवडतं?

ज्यांनी धाडस केलं त्यांचं काय झालं हेही आठवा. धोरणानंतर बऱ्याच द्राक्ष बागायतदारांनी कर्ज काढून टाक्या उभ्या केल्या. २००८-०९ ची मंदी आली, मागणी घसरली, कितीतरी लहान वायनऱ्या बंद पडल्या. टाकी स्टीलची असल्यामुळं ती गंजली नाही, पण व्याज थांबलं नाही. मोठ्या टाकीचा धर्मच तसा आहे. ती अर्धी भरून चालत नाही, वर हवा राहिली की वाइन बिघडते. म्हणून ती दरवर्षी भरावीच लागते, भाव असो नसो. वीस बरण्यांतल्या आठ रिकाम्या ठेवता येतात.

मग आली २७ जानेवारी २०२२. मंत्रिमंडळानं हजार चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. केवढा गदारोळ झाला! एक बाजू म्हणाली, शेतकऱ्याचं भलं होणार. दुसरी म्हणाली, घराघरात दारू शिरणार. दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचं नाव घेतलं आणि सगळं भांडण दुकानातल्या कपाटावर झालं. शेतकरी ज्यात वाइन करेल त्या भांड्यावर विधानसभेतही चर्चा नाही, टीव्हीवरही नाही. कपाट कितीही मोठं केलं तरी त्यात माल कुणाचा लागणार? ज्याच्याकडं टाकी त्याचा. शेतकरी तिथंही फळ विकणाराच राहिला.

मालवणीचं नाव घेणाऱ्यांना

हे लिहिलं की कुणीतरी मालवणी काढणारच. काढायलाच हवं. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. त्याआधी डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत असाच प्रकार घडला होता. दोन्ही उपनगरातलेच, मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले. त्यांची आठवण ठेवूनच पुढचं लिहितोय.

अशा कांडांत माणसं मरतात ती मिथेनॉलनं, म्हणजे कारखान्यात वापरायच्या रसायनानं. ते प्यायच्या दारूत मिसळलं जातं किंवा दारू म्हणून विकलं जातं. फळ आंबवून एवढं मिथेनॉल तयार होत नाही. फळातल्या पेक्टिनपासून अल्प प्रमाणात होतं, तेवढं बाजारातल्या परवानाधारक वाइनमध्येही असतं. वाइन आपण आटवत नाही, भट्टीवर चढवत नाही, म्हणून ते साठत जात नाही. मालवणीतून धडा घ्यायचा तर तो रसायनाच्या साठ्यावर आणि वाहतुकीवर पहारा ठेवण्याचा आहे. बरणीवर धाड टाकून मिथेनॉलचा टँकर सापडत नाही. उलट सगळंच चोरून करावं लागलं की तपासणी कुणीच करून घेत नाही, आणि वाईट माल चांगल्या मालात लपतो. दारूबंदीच्या काळात उपनगराच्या खाड्यांत आणि झाडीत हातभट्टीचे ड्रम पुरलेले असायचे, ते याच चोरीच्या पोटी.

आणि ज्या गावातल्या बायांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्यांना माझा हात जोडून नमस्कार. दारूनं घर कसं बसतं हे मला कुणी सांगायची गरज नाही. त्या गावाला वाइनही नको असेल तर ती तिथं नको. माझा मुद्दा पिण्याचा प्रचार नाही. जे आधीपासून घरात होतंच आहे आणि जे शेतावर होऊ शकतं, ते आंधारात ठेवायचं की उजेडात आणून मोजायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता आपली भांडी

सरकारला बोलून झालं, आता आपल्याला. "घरगुती म्हणजे शुद्ध" ही आपली आवडती समजूत आहे, आणि ती धोकादायक आहे.

सगळ्यात आधी तो निळा ड्रम. जीवामृताला आपण सगळेच भंगारातला दोनशे लिटरचा ड्रम वापरतो. त्यात आधी काय होतं, रंग की ॲसिड की औषध, कुणी विचारत नाही. जीवामृताला एकवेळ ठीक, माणसाच्या पोटात जाणाऱ्या गोष्टीला मुळीच नाही. प्लास्टिक रसायन शोषून घेतं आणि अल्कोहोल ते पुन्हा ओढून काढतं. सोडा लावून घासा, उन्हात ठेवा, वास जाईल, रसायन जाईल याची खात्री नाही. तळाच्या त्रिकोणात २ आकडा असला म्हणजे ते एचडीपीई आहे एवढंच कळतं, ते खाद्यपदार्थासाठी आहे हे कळत नाही. नवं, 'फूड ग्रेड' लिहिलेलं आणि आधी काही न भरलेलंच घ्या. तेही पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या आंबवणीपुरतं. प्लास्टिकमधून हवा हळूहळू झिरपते, महिनोन्‌महिने साठवायला ते कामाचं नाही.

तांबं-पितळ नको. कल्हई असली तरी आंबट द्रावणात ती किती दिवस टिकेल? गोव्यात तांब्याचं भांडं भट्टीवर चालतं म्हणून आंबवायलाही चालेल असं समजू नका, ते काम वेगळं आहे. ॲल्युमिनियमचा टोप नको. जस्ताची बादली तर अजिबात नको, ते सरळ विष आहे. लोखंडी घाणा किंवा रंग दिलेली प्रेस नको. साधा मातीचा माठ झिरपतो आणि त्याची छिद्रं धुऊन निघत नाहीत. जॉर्जियावाले मेण उगाच लावत नाहीत.

चालतं काय? शिसंविरहित झिलईची नवी बरणी, काचेचा मोठा बुधला, फूड ग्रेड प्लास्टिक, आणि जमलं तर ३०४ ग्रेड स्टीलचं झाकणवालं पिंप. स्टीलचं पिंप बनवायला नाशिकलाच जायला हवं असं नाही. साकीनाका-असल्फ्याच्या गाळ्यांत चांगलं वेल्डिंग करणारे कारागीर बसतात. त्यांना एवढंच सांगा की आतली शिवण गुळगुळीत घासून द्या आणि तळाला उतार ठेवून तोटी बसवा. खरखरीत शिवणीत गाळ बसतो आणि जिवाणू तिथंच घर करतात. स्टीलला ब्लीचिंग पावडरचं पाणी लावून ठेवू नका, क्लोरिननं त्यालाही बारीक भोकं पडतात. लाकडाला आणि बुचाला क्लोरिन लागलं तर कुबट वास येतो, तो वाइनमधून जात नाही. धुवायला धुण्याचा सोडा आणि गरम पाणी, नंतर सायट्रिक ॲसिडचं पाणी, शेवटी पोटॅशियम मेटाबायसल्फाइटचं द्रावण. दम्याच्या माणसानं त्या वासापासून लांब राहावं.

ओकच्या पिंपाच्या नादाला लागू नका. २२५ लिटरचं परदेशी पिंप लाखाच्या घरात जातं, तीन-चार भरणांनंतर त्याचा स्वाद उतरतो आणि ते स्वच्छ ठेवणं महाकठीण. सहलीला आलेल्या पाहुण्यांना दाखवायला ते छान दिसतं. आपल्या जांभळाला त्याची गरज नाही.

वायूचं गणित प्रत्येकानं पाठ करावं. एक किलो साखर आंबली की जवळपास अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे अडीचशे लिटरच्या आसपास वायू. वीस लिटरच्या बुधल्यात चार किलो साखर असेल तर हजार लिटर वायू बाहेर पडायचाय. झाकण घट्ट पिळलंत तर बुधला फुटणार, काच उडणार. एअरलॉक विकत मिळतो. नसेल तर बुचातून नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवा, वायू जाईल, हवा येणार नाही. आंबवताना भांडं पाऊण भरायचं, साठवताना काठोकाठ. आणि बंद खोलीत दहा-वीस भांडी ठेवू नका. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो. विहिरीत किंवा बायोगॅसच्या टाकीत माणसं कशी गुदमरतात ते आपल्याला माहीत आहे. इथंही तेच.

मोजमापाचं एक. द्राक्षवाल्यांच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर असतोच. आंबवण्याआधी तो चालतो. २२ ब्रिक्सचा रस पूर्ण आंबला तर साधारण १२-१३ टक्के अल्कोहोल होतं. पण आंबायला लागल्यावर रिफ्रॅक्टोमीटर चुकीचं दाखवतो, कारण अल्कोहोल त्याचं गणित बिघडवतं. तेव्हा हायड्रोमीटर वापरा, तो महाग नसतो. आणि जांभूळ मिक्सरला लावू नका. बी फुटली की तुरटपणा उतरतो, तो काढता येत नाही.

मागायचं काय

मी पालघरकडचा, जांभळाचा. आमच्या बहाडोलीच्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंदच आहे. पण मानांकन मिळाल्यामुळं जांभूळ जास्त टिकत नाही. तोडल्यापासून दुसऱ्या दिवशी ते नरम पडतं. जूनमध्ये पावसाची एक सर आली की तडकलेलं फळ बोरिवली-अंधेरीचा व्यापारी हातात घेत नाही. पाटीच्या पाटी झाडाखाली जाते. मधापासून मीड करणारे पुण्याकडं आहेत, चिकूची वाइन बोर्डीत झाली, म्हणजे द्राक्षाशिवायही परवाना मिळतो. पण ती उद्योगाची वाट आहे. वीस झाडांच्या माणसानं त्या वाटेवर पाऊल कसं टाकायचं?

म्हणून मागणी सरळ आहे, चार कलमांची.

एक. स्वतःच्या घरापुरत्या फळवाइनला वर्षाला ठरावीक लिटरची मर्यादा घालून, साधी नोंदणी करून मोकळीक द्या. विक्री नाही, ऊर्ध्वपातन अजिबात नाही. गावठाणातली बरणी पलंगाखालून बाहेर येऊ द्या.

दोन. विक्रीसाठी शेतावरच्या लहान वाइनचा वेगळा वर्ग करा. परवाना टाक्यांच्या भव्यतेवर न देता भांड्याच्या योग्यतेवर द्या. कोणती भांडी चालतील, कोणती नाहीत, किती लिटरपर्यंत, धुण्याची नोंद कशी ठेवायची, हे दोन पानांत लिहिता येतं. मद्यपेयांची खाद्य सुरक्षा मानकं २०१८ मध्ये झाली, १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत. माल त्या कसोटीला उतरला पाहिजे, मग तो बरणीतून आलेला असो की टाकीतून.

तीन. तपासणी परवडेल अशी करा. अल्कोहोल, मिथेनॉल, सल्फाइट आणि शिसं, एवढ्या चार चाचण्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं हंगामात नमुने घ्यावेत आणि भांड्यांची प्रात्यक्षिकं द्यावीत. फवारणीची प्रात्यक्षिकं आपण शंभर बघितली, झिलईतलं शिसं कसं ओळखायचं याचं एकही बघितलेलं नाही.

चार. प्रेस, पल्पर, फिल्टर ही वर्षातून पंधरा दिवस लागणारी यंत्रं प्रत्येकानं घेण्यात अर्थ नाही. शेतकरी उत्पादक कंपनीला सामायिक केंद्रासाठी मदत द्या. टाकीला सवलत देता, तशी थोडी गाळणीलाही द्या.

हे होईपर्यंत एक गोष्ट बजावून सांगतो. आज विनापरवाना वाइन करणं गुन्हा आहे. माझी नोंद वाचून कुणी उद्या वीस बुधले भरायला घेऊ नका, केस झाली तर लाइक करणारे सोडवायला येत नाहीत. करायचं असेल तर कंपनी किंवा गट करून परवान्याची वाट धरा, नाहीतर तोवर सरबत-गर करा. पण भांड्यांची सवय आत्तापासून लावा. गर ठेवायचा असो की सरबत, भंगारातला ड्रम तिथंही नकोच.

कृषी अधिकारी, विद्यापीठातले जाणकार हे पान वाचतात हे मला माहीत आहे. त्यांनी यातलं काही तांत्रिक चुकतंय असं वाटलं तर खाली मोकळेपणानं लिहावं, आणि बरोबर वाटलं तर वरती कळवावं. वसई, मनोरी, गोराईकडच्या ज्येष्ठ मंडळींनी आपल्या घरातली बरणी कुठल्या झिलईची, किती वर्षांची, झाकण कसलं, एवढं तरी सांगावं. कशात काय टिकलं आणि कशात काय बिघडलं याची यादी आपणच केली, तर सरकारसमोर मोकळ्या हातानं उभं राहावं लागणार नाही.

पटलं तर आपल्या गटात पाठवा. नाही पटलं तर कुठं नाही पटलं ते लिहा.